चार सेकंद

मी स्टॉपवॉच बोलतोय, आणि मला राग आलाय. चार दातेरी चाकं, एक स्प्रिंग आणि डोक्यावर अंगठ्याने दाबायचं बटण, एवढंच माझं शरीर. त्यात राग कुठे मावतो, असं विचारू नका. मावतो.

माझे पहिले मालक शाळेत खेळाचे शिक्षक होते. गळ्यात शिट्टी आणि शिट्टीशेजारी मी. शर्यतीत शेवटचं पोर पोचेपर्यंत मास्तर मला थांबवायचे नाहीत. "त्यालाही त्याची वेळ कळू दे," म्हणायचे. निवृत्तीनंतर त्यांनी मला आपल्या मुलीला दिलं. तिचं बाळ तीन आठवड्यांचं होतं आणि ताप आला तर एक मिनिटभर श्वास मोजा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती ताप नसतानाही मोजायची. "मी जरा अतीच करते का हो?" असं नवऱ्याला विचारायची आणि त्याचं उत्तर यायच्या आत पुन्हा मोजायला घ्यायची. पोरगी चालायला लागली तसा मी थर्मामीटरशेजारी खणात पडलो. सुखात होतो.

मला तिथून बाहेर काढलं ते स्नूकरने.

या बाईंचा, म्हणजे मास्तरांच्या त्या मुलीचा, धाकटा भाऊ स्नूकर खेळतो, काठीने चेंडू टेबलाच्या खिशांत घालायचा तो खेळ. हौस म्हणून नाही, तोच त्याचा व्यवसाय. आणि तो सावकाश खेळतो. टेबलाभोवती फिरतो, वाकतो, उठतो, पलीकडून जाऊन पुन्हा बघतो. लोक त्याला गोगलगाय म्हणतात. त्यांत पहिला आवाज त्याच्या मेहुण्याचा, म्हणजे बाईंच्या नवऱ्याचा. याचं सलून आहे. तिथल्या टीव्हीवर स्नूकर लागलं की गिऱ्हाइकाचं डोकं अर्धं कापलेलं राहतं आणि भांडण सुरू होतं. एका बाजूला हा, दुसऱ्या बाजूला दाढीच्या निमित्ताने रोज येणारा वायरमन.

"हा खेळ आहे की शोकसभा? सगळे उभे, कोणी हलत नाही," हा म्हणायचा. "मर्दासारखं यावं, वाकावं, मारावं."

"तो विचार करतो," वायरमन म्हणायचा. "तू विचार न करता कापतोस, म्हणून मी टोपी घालतो."

दोघांनीही आयुष्यात कधी ती काठी हातात धरलेली नाही. पण तोंड धरायला कोण जाणार?

भावाच्या एका मोठ्या सामन्याचे पास घरी आले, त्यातला एक वायरमनलाही मिळाला. जिंकला तर पुढची दोन वर्षं व्यावसायिक खेळाडूंच्या यादीत राहणार, हरला तर नाव बाहेर. बारा वर्षांची मेहनत त्या एका दुपारवर आली होती. घरात सगळ्यांना हे माहीत होतं. तरी आदल्या दिवशी नवरा म्हणाला, "तुझं ते घड्याळ दे गं. एकदा मोजूनच टाकतो, एका फटक्याला किती वेळ खातो तो."

बाईंनी दिलं. मोजत बसला तर निदान तोंड तरी बंद राहील, एवढाच हिशोब त्यांनी केला. हा हिशोब त्या आजही स्वतःला माफ करत नाहीत.

सामन्याला तिघे पहिल्या रांगेत बसले. आता माझ्या रागाचं पहिलं कारण ऐका. टेबलावर लाल चेंडू शिल्लक असेपर्यंत दुसरा रंगीत चेंडू खिशात गेला की पंच तो काढून पुन्हा टेबलावर ठेवतात आणि बाजूला होतात. खेळाडूची वेळ तिथून सुरू होते. पण नवरा मला चेंडू पडल्यापडल्या दाबायचा. पंचांच्या चालण्याचा वेळही भावाच्या नावावर. मग वायरमन म्हणायचा, "आण इकडे." तो मला खेळाडू वाकल्यावरच दाबायचा, म्हणजे आकडा लहान यावा. एक ढोंगी इकडचा, एक तिकडचा. दोघे मिळून माझ्या तोंडून खोटं वदवत होते. ज्या तबकडीवर शेवटच्या पोराचीही खरी वेळ आली, त्या तबकडीवर.

सामना बरोबरीत आला. शेवटच्या डावात तीन चेंडू उरले: निळा, गुलाबी, काळा. भावाला तिन्ही हवे होते. निळा गेला. नवऱ्याने मला चालू केलं. भाऊ टेबलाला फेरी घालून आला, वाकला. गुलाबी सोपा होता. त्या सभागृहात जो तो श्वाससुद्धा जपून घेत होता.

"चाळीस," नवरा वायरमनच्या कानात म्हणाला, आणि पुरावा म्हणून मला थांबवलं.

टक.

पहिल्या रांगेतून तो आवाज टेबलापर्यंत गेला. भाऊ सरळ उभा राहिला. मागे कोणीतरी हसलं. पंचांनी आमच्याकडे बघून शांत राहायला सांगितलं. बाईंनी नवऱ्याच्या मनगटावर हात ठेवला. पण धरलं नाही. उगाच तमाशा नको, असं त्यांना वाटलं असणार. नवऱ्याने दोनदा दाबलं, मला शून्यावर आणलं आणि पुन्हा सोडलं. टक, टक. भाऊ खाली वाकला आणि न बघता मारून मोकळा झाला.

चार सेकंद.

"बघ, बघ," नवरा कुजबुजला. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

गुलाबी चेंडू खिशाच्या तोंडाशी येऊन थांबला. प्रतिस्पर्धी खुर्चीतून उठला आणि त्याने तो हलकेच आत ढकलला. उरलेल्या एकट्या काळ्याने भावाची भरपाई होणार नव्हती. संपलं.

बाहेर जिन्यात भाऊ बहिणीला म्हणाला, "ताई, दाजींना काही बोलू नकोस. घाई मी केली."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मुलीला कडेवर घेऊन सलूनमध्ये गेल्या. आत वाद रंगात आला होता. नवरा मला उंच धरून दाखवत होता. "चार सेकंद! जमत होतं की त्याला. पहिल्यापासून असा खेळला असता तर?"

"द्या ते इकडे," बाई म्हणाल्या. "पण आधी खुर्चीतल्या गिऱ्हाइकालाही दाखवा. माझ्या भावाची बारा वर्षं चार सेकंदांत गेली. ती चार सेकंद त्याची नव्हती. तुमची होती."

"वहिनी, मी तर पहिल्यापासून त्याच्याच बाजूने..." वायरमनने सुरुवात केली.

"हो ना. मग शेजारी बसून काय करत होता? आकडा बघत होता." मग म्हणाल्या, "आणि मी मनगटावर हात ठेवून बघत होते. म्हणून मी माझ्यावर जास्त चिडलेय. पण तुम्हाला सोडत नाही."

कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला. टीव्ही बंद झाला.

त्यांनी मला घरी नेलं नाही. आरशाखालच्या खणात ठेवलं आणि नवऱ्याला एवढंच सांगितलं, "शून्यावर आणायचं असेल तर सगळ्यांसमोर आणा."

अजून आणलेलं नाही. माझा काटा चारवर उभा आहे. नवरा कधीकधी खण उघडतो, अंगठा बटणावर ठेवतो. दुकानात चार माणसं असतात, आणि मी दाबल्यावर आवाज करतो. तो अंगठा उचलतो, खण लावतो.

तुम्हाला झटपट खेळणारं तुफान आवडो नाहीतर गोगलगाय, खुशाल भांडा. कंटाळा आला तर उठून चहाला जा. पण कोणी वाकून उभं असेल, आणि त्याचं सगळं पुढ्यातल्या त्या एका चेंडूवर असेल, तर माझ्यासारख्याला खिशातून काढू नका. मला मोजता येतं. थांबता येत नाही, ते तुम्हालाच करावं लागतं.