जुन्या वाणाच्या सऱ्या

आमच्या मालकांनी लग्नाच्या त्रेचाळीस वर्षांत कधी चहा केला नव्हता. त्या दिवाळीनंतर सलग आठ दिवस केला, आणि मी वेडी खूश झाले.

कोरोनाची लस तेव्हा अजून यायची होती. बारामतीच्या एका दवाखान्यात तिची चाचणी चालली होती. तिथं समिना डॉक्टर होती, आमच्या पिंपळीतल्या रसूलभाईंची मुलगी. तिची आई सलिमा आणि मी पन्नाशीला आल्यावर साक्षरता वर्गात एका चटईवर बसून अक्षरं शिकलो. भाद्रपदात सलिमा त्याच रोगानं गेली. मला तिचं तोंडही बघायला मिळालं नाही.

समिना एकदा आमच्या ओट्यावर लांब बसून बोलली. साठीच्या वरचे पुरुष चाचणीला येतात, बायका येत नाहीत, मग बायकांना लस कशी मानवते हे कळायचं कसं? मी म्हटलं, मी येते.

तिनं वीस पानांचा कागद दिला. वाचून, समजून मगच सही करायची. मी चार दिवस बोट ठेवून वाचत होते. मालक म्हणाले, लग्नाच्या वेळी माझी एवढी चौकशी केली असतीस तर दुसऱ्या घरी नांदली असतीस.

कागदात होतं, की निम्म्या लोकांना लस टोचतात आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय दिलं ते टोचणाऱ्यालाही ठाऊक नसतं. मालकांना हे फार आवडलं. तुला पाणीच मिळणार, म्हणाले, म्हातारीवर लस कोण घालवतंय.

"मिळू द्या," मी म्हटलं. "जुन्या वाणाच्या सऱ्या बी लागत्यातच की."

हे त्यांना बरोबर लागलं. लागणारच. पूर्वी आमच्या रानात ऊस संशोधनवाल्यांनी चाचणी घेतली होती. दहा सऱ्या नव्या वाणाच्या, शेजारी तुलनेला दहा जुन्या वाणाच्या, आणि दोन्हीला खतपाणी अगदी सारखं. नवा ऊस जोमानं वर आला. भवानीनगरच्या कारखान्याला जाणारी माणसं जुन्या सऱ्यांकडं बघून हसायला लागली, तशी मालकांना त्या सऱ्यांची दया आली. त्यांनी गुपचूप तिथं जादा युरिया टाकला. वजनाला दोन्ही ऊस सारखे भरले. साहेब डोकं खाजवत गेले, आणि आम्ही दोघांनी आजवर तोंड उघडलं नाही.

मी चाचणीला जावं की नाही, यावर ते एवढंच म्हणायचे, बघू. आणि सकाळ-संध्याकाळ चहा करून द्यायचे. चहा कडू लागायचा. मी गुळाला नावं ठेवली, मग पातेल्याला ठेवली. ह्यांना ठेवली नाहीत, नाहीतर मिळतोय तोही बंद झाला असता.

नवव्या दिवशी मोटारसायकलवरून बारामतीला गेलो. समिनानं एकेक विचारायला सुरुवात केली. ताप आला होता का, कसल्या गोळ्या चालू आहेत का, पंधरा दिवसांत काही काढा वगैरे घेतला का. मी सगळ्याला नाही म्हटलं आणि सहीसाठी पेन टेकवलं. तोच मालक खुर्चीतून उठले.

"थांब समिना. ही काढा पितीया. हिला ठावं न्हाय."

"कसला काढा?" समिनानं विचारलं.

"मी चहात गुळवेल उकळत हुतो. सुई झेपावी म्हणून. आन पाणीच मिळालं तर तेवढाच आधार." मग ते टेबलाजवळ सरकले. "एकदा उसाची चाचणी बिघडवली, तवा बोललो न्हाय. ही तुझ्या आईपायी आलीया. हिचं खोटं लिहू नगं."

समिनानं चष्मा काढून पुसला. मग सलिमासारखंच मान वाकडी करून म्हणाली, "गेणबा आबा, आज टोचता येणार नाही. काकी, पंधरा दिवसांनी या. तोवर चहा तुमच्या हातचाच घ्या."

परतीच्या वाटेवर मी ह्यांच्या खांद्याऐवजी मागची कडी धरून बसले. पिंपळीच्या फाट्यावर ह्यांनी गाडी थांबवली.

"रागावलीस?"

"मला बी जुन्या वाणाची सरी समजलासा व्हय?"

"त्या सऱ्यांस्नी लोकं हसत हुती, म्हणून टाकला युरिया," ते म्हणाले. "तुझं येगळं हाय."

वेगळं म्हणजे काय, ते सांगायच्या आत त्यांनी किक मारली.

पंधरा दिवस मी माझ्या हातचा चहा प्याले, आणि मग जाऊन टोचून घेतलं. लस मिळाली का पाणी, कुणास ठाऊक. रोजचं रोज लिहायला एक वही मिळाली. पहिल्या दिवशी मी लिहिलं: ताप नाही. दंड दुखतो. नवरा सात वेळा विचारून गेला. चहा मीच केला.