नळीबाईची तोंडी परीक्षा

वीस वर्षं कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत टेस्ट ट्यूब धुणाऱ्या बाईला सगळे नळीबाई म्हणत. सहायकाच्या जागेसाठी ती दोनदा नापास झाली होती. ही तिसरी आणि शेवटची खेप. पुढच्या महिन्यात वयाची अट आडवी येणार होती. लेकीने आठवडाभर तिच्याकडून विद्राव्यतेचे नियम घोकून घेतले होते, पण परीक्षक सरांचा चेहरा बघताच ते सगळे डोक्यातून पसार झाले. चेहराच तसा होता.

सर विभागप्रमुख होते. त्यांनी आयुष्यात एकही नळी धुतली नव्हती आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

बेरियम क्लोराइडमध्ये सोडियम सल्फेट ओतलं तर काय होईल, असं त्यांनी विचारलं.

“पांढरा साका बसतो, सर. घासून घासून खांदे भरून येतात.”

सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बरं, सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम क्लोराइड? काही होत नाही, नळाखाली धरलं की काम झालं, असं तिने सांगितलं. दोन्ही उत्तरं बरोबर निघाल्यामुळे सर जास्तच चिडले. नियम सांगा, म्हणाले. नियम काही आठवेना.

मग सरांनी लेड नायट्रेटमध्ये थोडं मिठाचं पाणी टाकून चिमूटभर पांढरा साका पाडला. हा विरघळतो का? गरम पाण्यात विरघळतो, ती म्हणाली. सर खुशीत हसले, कारण त्यांच्या कागदावर ‘अविद्राव्य’ असं ठळक लिहिलं होतं.

नळीबाईचं डोकं फिरलं. नियम सांगताना ती चुकली असती तर तिने ऐकून घेतलं असतं. पण ही नळी तिने हजारदा धुतली होती. तिने बर्नरवरचं उकळतं पाणी पाऊण नळी भरेल इतकं ओतून नळी हलवली. साका बघता बघता नाहीसा झाला.

सरांनी कागद हळूच उलटा ठेवला. शेवटचा डाव म्हणून त्यांनी मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं. पुन्हा पांढरा साका. हाही जाईल का गरम पाण्याने?

“छे, हा हट्टी. ब्रशच लागतो.”

सरांनी तोंड वाकडं करून ‘उत्तीर्ण’ लिहिलं, सही ठोकली आणि सवयीने ती नळी तिच्यापुढे धरली. नळीबाईने डोळे पुसले. नळी काही घेतली नाही.

“ब्रश सिंकखाली आहे, सर. माझ्या जागी कुणी येईपर्यंत तुम्हीच घासा.”