नाव घ्यायचं राहिलं

"तीळ जळलेत, काकी," लक्ष्मी माझ्या कानाशी पुटपुटली. "आणि गूळ कच्चा. तुमच्याकडे वड्यांची ऑर्डर द्यायची सोडून हौस करायला गेल्या बाई."

"गप खा गो," मी म्हटलं.

"खातेय की. एवढ्या मोठ्या व्हिल्यात यायचं, जळकं खायचं आणि वर गोड बोलायचं."

बहरीनच्या जनाबिया भागात अरुणाताईंच्या घरी हळदीकुंकू होतं. त्यांचे यजमान बँकेत मोठ्या हुद्द्यावर, दारात दोन गाड्या, आणि हॉल एवढा की गुदेबियातल्या आमच्या बिल्डिंगचा अख्खा मजला आत मावेल. पंधरा-वीस बायका, सगळ्या काळ्या साड्यांत. संक्रांत ते रथसप्तमी एवढेच दिवस आपल्यात काळं शुभ. पण त्या दुपारी खोलीभर पसरलेलं ते काळं बघून मला सारखं वाटत होतं, आपण चुकून भलत्याच कार्याला आलोय. चुकून तरी कसं म्हणायचं?

लक्ष्मीचा नवरा दत्तप्रसाद शुक्रवारी पहाटे मारला गेला होता. हा सोमवार. त्या खोलीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, एका लक्ष्मीला सोडून.

दत्तप्रसाद आचारी. परदेशी सैन्याच्या तळांना जेवण पुरवणारी एक कंपनी आहे, तिच्या मेसमध्ये होता. आमचे हे, शंभू, त्याच कंपनीच्या गोदामात. त्याला बहरीनला आणलं तेही यांनीच, गुहागरहून, आमच्याच वाडीतला पोरगा म्हणून. गोऱ्यांना एवढं लांब नाव जमेना, ते त्याला 'डेटा' म्हणायचे. लक्ष्मी म्हणायची, "लग्न माणसाशी लावलं होतं, निघाला मोबाईलचा रिचार्ज." डिसेंबरात कंपनीने त्याला तीन महिन्यांसाठी इराकच्या वाळवंटातल्या एका तळावर धाडलं. निघताना बॅग खांद्याला लावून माझ्या दारात उभा राहिला आणि "येतो, काकी," म्हणाला. आपल्यात 'जातो' म्हणत नाहीत.

शुक्रवारी पहाटे तिथल्या कुठल्याशा मिलिशियाने तळावर ड्रोन सोडलं. ते पडलं मेसवर. टीव्हीवर दिवसभर दोन सैनिकांची नावं, फोटो, त्यांच्या गावची घरं, एकाचा कुत्रासुद्धा. त्यांच्यासाठी अंडी फोडत असलेल्या माणसाचं नाव कुठंच नव्हतं. ते आलं दुपारी, शंभूंच्या मोबाईलवर, ऑफिसच्या एका कागदाच्या फोटोत. माझं इंग्रजी दुकानांच्या पाट्या वाचून जमवलेलं. एकेक अक्षर लावत गेले. नावाचे दोन तुकडे केलेले, 'दाता परसाद', आणि आडनावाचं स्पेलिंग भलतंच.

"अहो, हा आपला नव्हेच," मी म्हटलं. "हा कुणीतरी दुसरा."

त्या दोन मिनिटांत मला केवढा आनंद झाला होता, कुणा परक्या मेलेल्या माणसाच्या जिवावर. मग शंभूंनी खालचा पासपोर्ट नंबर दाखवला.

ऑफिसने बजावलं होतं, कागद पुरे होईपर्यंत घरच्यांना कळवायचं नाही. इथल्या आपल्या मंडळातल्या माणसांनी ठरवलं, लक्ष्मीचा भाऊ संतोष मंगळवारी चिपळूणहून येतोय, तोवर कुणी तोंड उघडायचं नाही. माहेरचं माणूस शेजारी असलेलं बरं. मीही मान हलवली, शंभूंना शब्द दिला. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. चार दिवस तरी ते माझ्या तोंडून जाणार नव्हतं.

हल्ला झाला एवढं लक्ष्मीला कळलंच होतं. "हल्ल्यानंतर सगळ्यांचे फोन काढून घेतात, रीतच आहे ती," असं शंभूंनी तिला सांगितलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत. राहिला प्रश्न तिला चार दिवस टीव्हीपासून लांब कसं ठेवायचं याचा. तर हळदीकुंकू.

लक्ष्मी सीफमधल्या एका पार्लरमध्ये भुवया कोरते. या बायकांतल्या निम्म्या तिच्या हाताखालून गेलेल्या, पण सात वर्षांत एकीनेही तिला घरी कुंकवाला बोलावलं नव्हतं. आणि आता शुक्रवारी सीफ, शनिवारी अमवाज, रविवारी परत सीफ, सोमवारी जनाबिया. न्यायला गाडी, सोडायला गाडी. पार्लरच्या मालकिणीने आपणहून सुट्टी दिली. माणसं वाईट नव्हतीच. फक्त इतक्या घाईने चांगली झाली होती, की आंधळ्यालाही दिसावं.

अरुणाताई करंडा घेऊन ओळीने पुढे येत होत्या. लक्ष्मीपाशी आल्या, बोट कुंकवात बुडवलं आणि ते तिथंच राहिलं.

"काय झालं ताई, कुंकू संपलं?" लक्ष्मी हसून म्हणाली.

"नाही गं, नाही नाही..." त्यांनी बोट टेकवलं ते तिरकंच, डाव्या भुवईला लागून. लक्ष्मीने करंगळीने टिपून ते मधोमध आणलं, पुसटसं हसत. दुसऱ्यांच्या भुवया सरळ करणारी बाई ती, तिला तिरकं कसं चालेल?

"तिळगूळ घे, गोड बोल," अरुणाताई म्हणाल्या आणि तिच्या पलीकडे बसलेल्या मला कुंकू लावायचं विसरून थेट स्वयंपाकघरात गेल्या. आतून बराच वेळ नुसता नळ वाहिल्याचा आवाज येत होता.

समोर कश्मिरा बसली होती. पुण्याची, वयाने लहान, नवरा इंजिनियर, मोबाईल हातातच. "रात्री जबरदस्त एअरस्ट्राइक केलेत," ती म्हणाली, "मिलिशियाचे अड्डेच्या अड्डे उडवले. चांगला बदला घेतला. धडा शिकवायलाच हवा होता अशा लोकांना, आपल्या..." शेजारणीचं कोपर बरगडीत बसलं तशी गप्प झाली.

"अड्डा म्हणजे काय हो, मॅडम?" लक्ष्मीने विचारलं.

"म्हणजे... ते राहतात, शस्त्रं ठेवतात, तिथे."

"राहतात म्हणजे जेवत असतील." लक्ष्मी वडीवरचा काळा तीळ नखाने खरवडत होती. "म्हणजे तिथंही कुणीतरी कांदा कापत बसलेला असणार. त्याचं नाव त्यांच्या टीव्हीवर तरी सांगतात का?"

माझ्या हातातल्या वाणाच्या डब्याचं झाकण मी उघडत होते आणि लावत होते. प्लॅस्टिकचा डबा, आत मूठभर हरभरे.

तेवढ्यात अमवाजला राहणारी अपेक्षा टाळ्या वाजवत ओरडली, "चला चला, शांत काय बसलात? उखाणे होऊन जाऊ देत! एकेकीने नाव घ्या!"

बिचारीने विषय बदलायला म्हणून हाताला लागलं ते फेकलं. काय फेकलं, ते तिला आमची तोंडं बघून कळलं. पण हळदीकुंकवात 'नाव घ्या' म्हटल्यावर 'नको' कोण म्हणणार, आणि कारण काय सांगणार? टोकाची बाई उठली, यजमानांचं नाव घेऊन बसली. मग दुसरी. कश्मिराने मान खाली घालून भरभर म्हणून टाकलं, "सीफच्या मॉलमध्ये लागलाय सेल, चिरागरावांच्या खिशाचं निघालं तेल." एरवी हशा पिकला असता. दोघी-तिघी खोकल्यासारखं हसल्या.

गेल्या वर्षी मंडळाच्या हॉलमध्ये लक्ष्मीच्या उखाण्याने धमाल केली होती. कमरेवर हात ठेवून ती म्हणाली होती:

"गोऱ्यांच्या मेसमध्ये आमच्या ह्यांना म्हणतात डेटा,
दत्तप्रसाद नाव आहे, नीट घ्यायला शिका, बेटा!"

मागे पुरुषांच्या बाजूला दत्तप्रसाद लाजून खुर्चीखाली जायचा बाकी होता. लोकांनी तिला तीनदा म्हणायला लावलं होतं.

रांग सरकत आली. लक्ष्मीच्या डावीकडची बाई नाव घेऊन बसली. लक्ष्मी पदर सावरत उठायला लागली आणि अरुणाताई, डोळे पुसून नुकत्याच बाहेर आलेल्या, मोठ्याने म्हणाल्या, "आता मथुराकाकी! काकी, तुम्ही घ्या."

मथुराकाकी म्हणजे मी. लक्ष्मीच्या उजवीकडे.

"अहो, माझा नंबर मध्येच खाल्लात की," लक्ष्मी म्हणाली.

"अगं, तुझा घसा बसलाय ना..."

"माझा? घसा?"

अरुणाताईंनी माझ्याकडे बघितलं. मी डब्याकडे.

लक्ष्मी उभीच राहिली. "काकी," ती म्हणाली, आणि आवाज अगदी साधा, पार्लरमध्ये 'मान जरा वर करा' म्हणते तसला. "भुवया करताना बायका डोळे मिटून घेतात. इतक्या जवळ असते मी, तरी कुणी माझ्याकडे बघत नाही. सवय झालीय त्याची. पण आता चार दिवस उघड्या डोळ्यांनीही कुणी बघत नाही. ते गेले..."

खोलीत कुणाची तरी बांगडी वाजली.

"...ते गेले डिसेंबरात, तेव्हापासून एकीनेही मला विचारलं नाही, डेटा काय म्हणतो म्हणून. आणि शुक्रवारपासून चार हळदीकुंकवं."

"लक्ष्मी, बस गो," मी म्हटलं.

"नाव घेते आणि बसते." तिने पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला.

"तीळ जळले अरुणाताईंचे, तरी म्हणायचं गोड,
दत्तप्रसादरावांचं नाव घेते..."

आणि थांबली. ओठ हलले, पुढचं आलं नाही. या बाईला यमकासाठी अडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. समोर कश्मिरा पदर तोंडात कोंबून रडायला लागली. तिला गप करायलाही कुणी उठलं नाही. लक्ष्मीने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. ती माझ्याकडे बघत होती. सरळ, खाली वाकून, जवळून, जसं ती रोज त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघते.

"काकी, तुम्ही तरी गोड बोलू नका. घेऊ ना मी नाव?"

संतोष उद्या येणार होता. शंभूंना शब्द दिला होता. मी डबा खाली ठेवला आणि तिचा हात धरला. गुळाने चिकट झालेला होता, लहान पोराच्या हातासारखा.

"घे," मी म्हटलं. "नाव घे गो, शंभरदा घे. पण दत्तप्रसाद नाही आता, लक्ष्मी. शुक्रवारी पहाटे गेला."