बाकला न खाणारा मामा

वसंताच्या सणाच्या आदल्या दिवशी वर्गात मुली कमीच असतात, आणि ज्या येतात त्यांचं मन घरी अंडी रंगवण्यात गुंतलेलं असतं. इजिप्तमधल्या दमनहूर शहरातल्या मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या इनासने म्हणून सोपा धडा काढला होता : आईकडून मुलाला मिळणारे दोष. फळ्यावर दरवर्षीचंच उदाहरण. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई, रंगवलेला चौकोन म्हणजे रंगांधळा. गोलात नुसता ठिपका म्हणजे वाहक. तिला स्वतःला बहुधा काही होत नाही, पण दोष तिच्याकडून पुढे जातो.

"मिस," मागच्या बाकावरून रावया म्हणाली, "आमच्या अख्ख्या गल्लीत रंगांधळा कुणी नाही. तुम्ही तरी पाहिलाय का?"

"पुस्तकात पाहिलाय."

"आमच्यात वेगळंच आहे. माझे मामा बाकला खात नाहीत. खाल्ला की पिवळे पडतात."

वर्ग खदखदून हसला. बाकल्याच्या शिजवलेल्या दाण्यांवरच तर इथल्या घराघरातली सकाळ सुरू होते. "बाकला न खाणारा इजिप्तचा माणूस? आधी ओळखपत्र बघा त्यांचं." "मग न्याहारीला काय खातात, केक?"

"हसू नका, तो दोषही असाच उतरतो," इनास म्हणाली. "रक्तातल्या तांबड्या पेशींना सांभाळणारं एक द्रव्य अशा माणसात कमी असतं. बाकला पोटात गेला की पेशी फुटायला लागतात. ये रावया, मांड तुझं घर."

रावयाने मांडलं. आजीचा गोल, त्याखाली मामांचा रंगवलेला चौकोन आणि शेजारी आईचा गोल. "आईत ठिपका घालू?"

"सांगता येत नाही. नाणं उडवल्यासारखं आहे. असला, तर तिच्या मुलीत पुन्हा नाणं. आणि त्या मुलीला मुलगा झाला, तर पुन्हा..."

इनासचा खडू तिथेच थांबला.

तिच्या सबरीमामाला घरात सगळे 'पाशा' म्हणत. सगळं घर बाकल्याच्या भांड्याभोवती बसलेलं असताना हा एकटा सरदारासारखा चीज आणि पाव घेऊन बसायचा, म्हणून पाशा. लहानपणी सणाला शेतात हिरव्या शेंगा खाऊन तो आजारी पडला होता. पिवळाधमक झालेला, मरता मरता वाचलेला. आजी सांगायची, त्याच्या घाऱ्या डोळ्यांना कुणाची तरी दृष्ट लागली. ही गोष्ट इनासने शंभरदा ऐकली होती आणि हा धडा शिकवूनही तिला वर्षं झाली होती. दोन्ही गोष्टी डोक्यात शेजारी शेजारी राहत होत्या, पण त्यांची कधी भेट झाली नव्हती.

आणि सकाळी तिच्याच ओट्यावर हिरव्या शेंगांची टोपली होती. "माझ्या सगळ्या मुलांनी पहिला घास हंगामाच्या बाकल्याचाच घेतला," सासूबाई आठवडाभर सांगत होत्या. इनासच्या तान्ह्या नादिरला नुकते वरचे दोन दात आले होते.

तिने घरी फोन लावला. तो वाजत राहिला. सासूबाईंचा फोन कपाटात चादरींखाली असायचा, चोरीला जाऊ नये म्हणून. इनासने मुख्याध्यापिकाबाईंना मूल आजारी आहे असं सांगितलं. अजून तरी ते खोटं आहे असं तिला वाटत होतं. बाहेर येऊन तिने रिक्षा पकडली.

सासूबाई स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसल्या होत्या. नादिर पलंगावर झोपला होता.

"आई, त्याला बाकला देऊ नका."

"लवकर कशी आलीस?"

"आधी सांगा, दिला नाहीत ना?"

सासूबाईंनी शेंग खाली ठेवली. "कालच दिला. तू शाळेत होतीस. उकडून, साल काढून, कुस्करून दिला. तू दहा पुस्तकं काढून बसली असतीस म्हणून बोलले नाही."

इनासने नादिरचा लंगोट सोडला. पिवळसर डाग असायचा तिथे कोऱ्या चहाचा रंग होता. तिने त्याचा ओठ खाली ओढून पाहिला. आतून पांढुरका होता. मूल जागं झालं, पण रडलं नाही. हेच तिला सगळ्यात वाईट वाटलं.

"उष्णता झाली असेल," सासूबाई म्हणाल्या. मग लंगोट हातात घेऊन त्यांनी खिडकीशी धरला आणि बाहेर जायची काळी चादर अंगावर ओढली.

टॅक्सीत इनासने सबरीमामाचं सांगितलं. सासूबाईंना म्हणता आलं असतं, दोष तुझ्या माहेरचा. इनासला म्हणता आलं असतं, चमचा तुमचा. दोघींच्या तोंडाशी आलेलं दोघींनाही कळत होतं. नादिर सासूबाईंच्या मांडीवर होता आणि त्याचा पाय इनासच्या मुठीत.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती. "काय खाल्लं आणि केव्हा?"

"बाकला," इनास म्हणाली. "आम्ही दिला, काल..."

"आम्ही नाही, मी," सासूबाई मध्येच म्हणाल्या. "हिला ठाऊक नव्हतं. काल दुपारच्या नमाजानंतर. अर्धी वाटी. आणि आज सकाळी उरलेला."

सकाळचा इनासलाही आत्ताच कळला. डॉक्टरने मान वर केली. "बरं झालं नीट सांगितलंत. म्हणजे हिमोग्लोबिन अजून थोडं उतरणार. रक्त चढवावं लागेल."

वग्दी, इनासचा नवरा, कामावरून धावत आला. "कुणाकडून आलं हे?" त्याने विचारलं. माणूस घाबरला की असलंच काही विचारतो.

"अल्लाकडून," त्याची आई म्हणाली. "जा, पाणी आण."

सणाचा दिवस त्यांनी वॉर्डात काढला. बाहेर बागेत लोक खारवलेले मासे आणि कांद्याची पात घेऊन बसले होते. वास खिडकीतून आत येत होता. इनास दर लंगोट उजेडात धरून पाहत होती. संध्याकाळपर्यंत रंग तोच होता. दुसऱ्या दिवशी दुपारी थोडा फिका. तिसऱ्या दिवशी सकाळी नादिर भूक लागून एवढा मोठ्याने रडला की शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "घ्या, आला तुमचा मुलगा परत."

घरी सोडताना डॉक्टरने बजावलं, "खरी तपासणी काही आठवड्यांनी करू, आत्ता दुसऱ्याचं रक्त मिसळलंय, त्यावर भरवसा नाही. पण बाकला बंद. वड्यांतलाही. आणि अंगावर पाजताय तोवर तुम्हालाही बंद."

"मलासुद्धा?" इनास म्हणाली. जन्मापासून तिची एकही सकाळ त्यावाचून गेली नव्हती.

घरी आल्यावर सासूबाईंनी बाकला शिजवायचं उंच मानेचं भांडं घासलं आणि फळीवर उपडं ठेवलं. शेंगांची टोपली जिन्यावरून खाली गेली.

"आई, तुम्ही तरी खा. तुम्हाला काही होत नाही."

"आणि तो रांगत येऊन माझ्या ताटात हात घालेल तेव्हा?"

दुसऱ्या दिवशी शेजारची करीमा गरम वड्यांचं ताट घेऊन आली. मूल घरी आलं म्हणून. सासूबाई दारातच उभ्या राहिल्या. त्यांनी वडा मोडला, आतला हिरवा रंग पाहिला आणि ताट परत तिच्या हातात दिलं.

"राग नको मानू, करीमा. आमच्याकडे पाशा आहे."

"म्हणजे?"

"आत ये, सांगते. वडे बाहेर ठेव. तुझ्या सुनेचा कोणी मामा बाकला टाळतो का गं?"

आतून इनासने ऐकलं. नादिर चिजाचा तुकडा चोखत बसला होता. तिने सवयीने त्याचा ओठ खाली ओढून पाहिला. गुलाबी होता. थोड्या वेळाने तिने पुन्हा पाहिला.