एकशे अडुसष्ट नोंदी

साखर मोजणाऱ्या यंत्राच्या स्मृतीत एकशे अडुसष्ट नोंदी होत्या. बारा आठवडे, रोज दोन, एकही चुकलेली नाही. सर्वांत कमी ९१, सर्वांत जास्त १३८. स्तनाच्या कर्करोगाचं निदान झाल्यावर मधुमेही बायकांच्या साखरेचं काय होतं, हे पाहणाऱ्या त्या संशोधनात चाळीस जणी होत्या. इतक्या गुणी नोंदी दुसऱ्या कुणाच्याच नव्हत्या.

प्रयोगशाळेचा कागद मात्र भलतंच बोलत होता. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, एचबीएवनसी, ११.४ टक्के. या नोंदी खऱ्या असत्या तर तो सहाच्या आत हवा होता.

संशोधन सहायिकेने आधी यंत्रालाच आरोपी केलं. ठरावीक साखरेच्या द्रावणाचा थेंब पट्टीवर सोडला, यंत्र निर्दोष. नळ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून नव्याने रक्त मागवलं. पुन्हा ११.४. मंगळवारी शस्त्रक्रिया होती, आणि साखर दोनशेच्या वर असेल तर सर्जन हात लावणार नव्हते. तिने त्या रुग्णाला आणि रोज तिची साखर तपासणाऱ्या धाकट्या बहिणीला तपासणीच्या खोलीत बोलावलं.

"काय गं, नापास झाले की काय?" मोठी खुर्चीत टेकत म्हणाली. तीच रुग्ण.

"मावशी, बोट रोज कोण टोचतं?"

"ही. डॉक्टरीण व्हायचं राहून गेलं ना, ती हौस आता भागवते."

धाकटी हसली नाही. तिने दोन्ही हात पर्सखाली सरकवले. सहायिकेने ते पाहिलं आणि हात पुढे केला. धाकटीने पर्स बाजूला केली. तिच्या दहाही बोटांच्या टोकांवर बारीक काळे ठिपके होते.

"तपासायला गाठीत सुई घातली, त्या दिवसापासून ताई सुई बघितली तरी थरथरते," ती म्हणाली. "नुसती चाळण केलीय तिची. इन्सुलिनची सुई तेवढी डोळे मिटून सोसते, वर आणखी दोनदा बोट कुठे टोचायचं? म्हटलं, थेंब काय, माझा घातला तरी यंत्राला कुठे कळतंय? सकाळी एक, जेवणानंतर एक."

"पण त्या आकड्यांवर..." सहायिका म्हणाली.

"ते आकडे तुमच्या अभ्यासाचे ना? छापायचे. ताईच्या औषधाशी त्यांचा काय संबंध?"

सहायिकेने फाइल उघडली. सहाव्या आठवड्यात इन्सुलिन चोवीस युनिटांवरून सोळा. नवव्या आठवड्यात सोळावरून दहा. दोन्ही वेळा डॉक्टरांचा निरोप फोनवर तिनेच दिला होता. दुसऱ्या वेळी तर 'शाब्बास, मावशी' असंही म्हणाली होती. तिने ती दोन पानं त्यांच्यासमोर ठेवली आणि प्रत्येक आकड्याखाली बोट धरून वाचून दाखवली.

धाकटीने ती पानं स्वतःकडे ओढली. "म्हणजे मी... ताई, म्हणजे मीच..."

"गप्प बस गं. मी नको म्हटलं म्हणून तू टोचून घेतलंस," मोठी म्हणाली. मग सहायिकेकडे वळली. "मंगळवारचं काय होईल?"

"आत्ताची साखर बघितल्याशिवाय सांगता येणार नाही."

मोठीने डोळे घट्ट मिटले, मान भिंतीकडे वळवली आणि डावा हात टेबलावर ठेवला. धाकटीने मनगट धरून ठेवलं. सहायिकेने करंगळीशेजारचं बोट पुसलं, टोचलं, थेंब पट्टीला लावला. यंत्राने पाचपासून उलटे अंक मोजले.

३१२.