नकाशातली पिवळी ज्वारी

शिवशरण मास्तरांनी आफ्रिकेचा नकाशा खुंटीला अडकवला आणि वजीरचं उर्दू पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. माकणीची शाळा नुकतीच सुटली होती. पायरीवर वजीरची आई, कुलसुमबी, पदराच्या गाठीशी चाळा करत बसली होती.

पोरगा फौजेत, तिकडं आफ्रिकेत लढाई जुंपलेली, आणि तीन महिने चिठी नाही. आज आली, तर गावांच्या नावांवर कुणी सरकारी माणसानं काळी शाई फासलेली. आता पोरगा आहे कुठं, हे ओळखायचं कशावरून?

मास्तरांच्या मनाला आणखी एक टोचणी होती. पहिलं पत्र आलं तेव्हाच त्यांनी वर्तमानपत्रावरून ताडलं होतं, की पलटण उत्तरेच्या वाळवंटात, ऐन रणगाड्यांच्या पुढ्यात आहे. पण आईला हे कुठल्या तोंडानं सांगणार? नकाशातल्या पिवळ्या पट्ट्यावर बोट ठेवून त्यांनी सरळ ठोकून दिलं होतं, "ही पिकलेली ज्वारी."

"वाचा की, मास्तर."

"अम्मी, इथली माती आपल्यासारखीच काळी. पाऊस झाला की शेरभर चिखल बुटाला चिकटतो. पहाटे कांबळं लागतं. गायींची शिंगं हात हात लांब."

मास्तरांचं बोट पिवळ्यावरून खाली उतरलं. मध्ये गर्द हिरवं जंगल. तिथं थंडी कुठली? बोट उजवीकडं सरकलं आणि तपकिरी रंगावर थांबलं. पूर्वेचं उंच पठार. गवताळ रान, गुरं, पहाटेचा गारठा, सगळं जुळत होतं. आणि तिथली लढाई तर गेल्या वर्षीच मिटली होती. मास्तरांना एकदम हलकं वाटलं.

"सुटला, कुलसुमबी. वाळूतनं सुटला तुमचा वजीर," ते म्हणाले, आणि मग त्यांनी जीभ चावली.

कुलसुमबी गालात हसली.

"ज्वारीतनं म्हना की."

मास्तरांनी पत्र खाली ठेवलं.

"पैली चिठी तुमच्याकडं आनायच्या आधी म्या घरी उघडली व्हती. घडीतनं वाळू सांडली," ती म्हणाली. "तुमी आपलं घामाघूम होऊन ज्वारी दाखवत व्हता. म्हनलं, असू द्या. मास्तरला तरी वाटू दे, हिला झोप लागती म्हून."

मास्तरांनी पुन्हा त्या तपकिरी पठारावर बोट ठेवलं.

"तिथं आता लढाई न्हाय ना?"

"नाही. नुसती गुरं चरतात."

तिनं पदराची गाठ सोडली. तीन महिने जपलेली चिमूटभर वाळू पायरीखाली झटकली, हात पुसले, डोळे पुसले.

"मग लिवा," ती म्हणाली, "कांबळं नीट पांघर म्हनावं."