ताटलीने अडवलेली बोट

कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि खरं सांगायचं तर बसू नयेच, पण आमच्या धक्क्यावर एकदा एक बोट चालू इंजिनानिशी, मागे फेसाचे ढीग उडवत, जागच्या जागी खिळून राहिली होती. दोर सोडलेला, नांगर वर घेतलेला, वारा अनुकूल. तिला धरून ठेवलं होतं ते कडेचा टवका उडालेल्या एका ताटलीने. हसा, हसून घ्या. भात निवतोय तोवर सांगून टाकतो.

गोष्ट जोव्हेलिनची आहे. थोडी तिच्या बापाची, फ्रोइलानची. पण त्याच्याबद्दल मी फार बोलत नाही, कारण एवढा देखणा आणि एवढा धाडसी नावाडी गिमारास बेटावर दुसरा झाला नाही, हे सगळ्यांना माहीतच आहे. खोड एकच. त्याला सरळ खरं बोलता येत नसे. दोन मासे धरून आणले की धक्क्याला लागेपर्यंत त्यांचे वीस व्हायचे, आणि एकविसावा तर होडीपेक्षा मोठा, दया येऊन सोडून दिलेला. लोक माना डोलवायचे. मग टोपलीमागून त्याची हडकुळी पोर बापाला म्हणायची, "दोन होते, ताताय."

ही पोर, जोव्हेलिन, मोठी झाली आणि इंग्रजी शिकवायला लागली. धक्क्यामागच्या छोट्या खाजगी शाळेत. छपराचा पत्रा तापला की मुलं वर्गात पेंगायची, पगार कधी वेळेवर व्हायचा, कधी मुख्याध्यापकांच्या गोड बोलण्यावर भागायचा. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. चाळिशी दाराशी आलेली. घरात ती आणि बाप, आणि बापाच्या थापा.

एका रविवारी प्रार्थनेनंतर दोघं इथेच, मानांग सालुदच्या खानावळीत जेवत होते. ह्याच टेबलावर. जोव्हेलिनने फोन पालथा घातला आणि म्हणाली, "थायलंडच्या एका शाळेने बोलावलंय."

मानांग सालुदचा डाव रश्श्यातच राहिला. "नोकरीला की लग्नाला?"

"नोकरीला, मानांग."

"आधी नोकरीलाच बोलावतात."

"मला ठाऊक होतं," फ्रोइलान म्हणाला. "तिकडचा एक हत्ती माझ्या ओळखीचा आहे. तो मागेच म्हणाला होता, की पोरीचं नाव वर गेलंय."

"ताताय, मी अजून हो म्हटलेलं नाही."

त्या दिवसापासून तिला बूड टेकवून बसता येईना. झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची. कॉफी उकळत ठेवून विहिरीवर जायची आणि विहिरीवरून रिकाम्या बादलीनिशी परत यायची. पगार इथल्यापेक्षा पुष्कळ. शाळेमागे राहायला खोली, दुपारचं जेवण, कपाटभर पुस्तकं. पण करार एका वर्षाचा, पुढचं पुढे. कामाचा परवाना म्हणे तिकडे आल्यावर काढू. का आल्यावर? आधी का नाही? तिकडे रोज सकाळी शाळेच्या फाटकाशी उभं राहून पोरांना हसून नमस्कार करायचा. त्याचं काही नाही, ती हसली असती. वर्गात मुलांकडून कविता म्हणून घेता घेता ती मध्येच थांबायची, आणि मुलंही थांबून तिच्याकडे बघत बसायची.

आणि बापाचा डोळा. फ्रोइलान साऱ्या धक्क्याला सांगायचा, की पलीकडे इलोइलोच्या किनाऱ्यावरची बकरी रवंथ करते ती मला इथून दिसते. सांगता सांगता कॉफीत मीठ घालायचा, आणि कुणी बघितलं तर म्हणायचा, नावाडी अशीच पितात. काड्यापेटी घ्यायला हात जायचा तो पेटीच्या शेजारी पडायचा. जोव्हेलिन ती हाताखाली सरकवायची.

थायलंडच्या त्या शाळेच्या बाईंचं नाव वन्नी. त्यांचा फोन आला की जोव्हेलिन धक्क्याच्या टोकाला जायची, कारण आवाज तिथेच नीट यायचा. तिच्या मागे अर्धा धक्का जाळी विणायचं सोंग करत बसायचा.

"तुमचे उच्चार फार छान आहेत," वन्नीबाई म्हणाल्या. "एक लहानशी गोष्ट. पालकांनी विचारलं तर कॅनडात वाढले म्हणा. त्यांना बरं वाटतं."

घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा फ्रोइलानने मांडीवर थाप मारली. "एवढंच? अगं, ही तर घरची विद्या! बस इथे. म्हण, आमच्याकडे बर्फ असा पडायचा, की कोंबड्यांना लोकरीचे मोजे घालावे लागायचे."

"तुम्ही बर्फ बघितलाय कुठे?"

"सालुदच्या पेटीत, माशांवर. आणि थापेला बघावं लागत नाही, इंदाय, माझ्या पोरी. बघितलं की उलट जीभ अडखळते. म्हण, आमच्या गायी थिजलेलं दूध द्यायच्या, काठीला लावून चोखायचं."

ती हसली. पोट धरून हसली, आणि हसता हसता एकदम उठली. "जन्मभर मी तुमचे मासे मोजले, ताताय. आता परमुलखात जाऊन स्वतःच वीस म्हणू? दुसऱ्यांच्या लेकरांसमोर? रोज?"

 फ्रोइलानच्या मनात त्या वेळी काय आलं ते मला कसं कळणार? पण समजा कळलं, तर आलं ते असं: बरं झालं. अडलं. सुटलो.

ती तशीच टोकाला गेली. सारा धक्का कान टवकारून. "बाई, मी गिमारासची आहे," ती म्हणाली. "वडील नावाडी आहेत. पालकांनी विचारलं तर मी हेच सांगणार. चालणार असेल तर बोला."

 पाणी खांबांना चापट्या मारत होतं. मग वन्नीबाई म्हणाल्या, "बरं. हेच सांगा. पालकांचं मी बघते. आणि परवान्याचे कागद आधी पाठवते, तुम्ही विचारण्याआधी."

जाळीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. जोव्हेलिन परत आली ती मात्र काहीतरी हरवल्यासारखी. नाही म्हणायला जे जे कारण होतं, ते सगळं त्या बाईने काढून घेतलं होतं. एक सोडून.

"ताताय, जाऊ?"

"कुणी धरलंय तुला?"

"तुमचा डोळा."

"माझा डोळा? त्या बकरीच्या गळ्यात घंटा आहे, तीसुद्धा दिसते मला. पितळेची."

"एकदा खरं सांगा. एकदाच."

फ्रोइलानने समुद्राकडे तोंड केलं. "लख्ख दिसतं," तो म्हणाला.

जोव्हेलिनने त्याच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. आणि जन्मात पहिल्यांदा ती 'दोन होते, ताताय' म्हणाली नाही.

आता खरी मजा ऐका. जायच्या दिवशी मानांग सालुदने तुरीचे दाणे, फणस आणि डुकराचं मांस घालून तो आपला काळाजांभळा रस्सा केला होता. सगळे जेवायला बसले, आणि बोटवाल्याने घाई करून भोंगा वाजवला. जोव्हेलिन अर्ध्या जेवणावरून उठली. आमच्याकडे कुणी असं जेवता जेवता प्रवासाला उठलं, की मागे राहिलेल्यांनी आपापली ताटली एकदा गोल फिरवायची, म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो. कुणी फिरवली नाही तर प्रवास फळत नाही. सगळ्यांनी फिरवल्या. जेवायला नुकत्याच बसलेल्या परक्या माणसानेही फिरवली.

फ्रोइलानने फिरवली नाही. दोन्ही हातांनी ताटली दाबून धरली आणि खडकासारखा बसला.

बोट सुटली, म्हणजे सुटायला लागली. इंजिन गरगरलं, फेस उसळला, आणि बोट तसूभर हलेना! बोटवाल्याने देवाला साकडं घातलं, मग देवालाच शिव्या दिल्या. उतारूंनी उतरून ढकललं. फादर आले, पाणी शिंपडलं, ओल्या कपड्यांनी परत गेले. मासे गोळा होऊन बघायला लागले. इथे खानावळीत मात्र फ्रोइलानची बोटं ताटलीच्या कडेवर पांढरी पडलेली, आणि बोट तिथे थरथर कापतेय.

शेवटी जोव्हेलिन उतरली. पिशवी खांद्यावर टाकून धक्क्यावरून चालत आली, बाकावर बसली आणि गार भात संपवला. म्हणाली, "ताताय, तुमच्यापुढे इंजिनाचं काय चालणार!" आणि राहिली. आजही इथेच आहे, त्याच शाळेत शिकवते, पोरं तशीच पेंगतात. शाळा सुटायची वेळ झालीच आहे. बसा थोडं, येईलच एवढ्यात, तिलाच विचारा ह्यातलं एक अक्षर जरी…

"खोटं," मागून मानांग सालुद म्हणाली. तिने खांद्यावरचं फडकं काढलं आणि टेबलाशी आली. "सपशेल खोटं, फ्रोइलान. पोरगी गेली. बोट वेळेवर सुटली. आणि ताटली तू सगळ्यांच्या आधी फिरवलीस, इतक्या घाईने, की दिसत नसताना सगळा रस्सा सांडलास. आण हात इकडे. इथे नाही, अजून थोडा अलीकडे. हा. हाच डाग. किती घासते मी रोज, जात नाही."